कार्डाची लिमिट नंतर बघा, आधी गल्ल्याचे दिवस मोजा



"सर, दुकानासाठी कोणतं कार्ड चांगलं?" भंडारा असो, तुमसर असो की साकोली, प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन-तीन कार्डांची नावं आधीच असतात. एकावर पेट्रोलची सूट, दुसऱ्यावर विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट बसायची सोय, तिसऱ्यावर लिमिट जास्त. आता तुम्हीच सांगा, लाखांदूरच्या दुकानदाराला लाउंज वर्षातून किती वेळा लागतं?

व्हिडिओत आठ-दहा मिनिटांत याचा सगळा हिशोब बसत नाही. म्हणून इथे सावकाश लिहितोय. कागद-पेन घेऊनच वाचा. माझं मत आधीच सांगून टाकतो: नव्या धंदेवाल्याने सगळ्यात जास्त सवलतीचं कार्ड शोधूच नये. सगळ्यात कडक कार्ड शोधावं. महिना संपला की पूर्ण पैसे मागणारं. आणि ज्याच्या धंद्याला तेवढ्या दिवसांत पैसे फिरवता येत नाहीत, त्याने कार्डाच्या वाटेला जाऊच नये. त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, तीही खाली सांगतो.

चार्ज कार्ड म्हणजे काय हो?

क्रेडिट कार्ड सगळ्यांना माहीत आहे. चार्ज कार्ड हा त्याचाच थोरला भाऊ. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झाला, तेव्हा त्याचं कार्ड याच पद्धतीचं होतं. महिनाभर सही करून जेवा, महिन्याच्या शेवटी सगळं बिल एकदम भरा. थोडे आज, थोडे उद्या अशी सोय नव्हती. अमेरिकन एक्सप्रेसने १९५८ साली आपलं चार्ज कार्ड काढलं. भारतात डायनर्स क्लब १९६१ साली आला आणि सेंट्रल बँकेने १९८० साली आपलं क्रेडिट कार्ड आणलं.

फरक एवढाच: चार्ज कार्डात बिल पूर्ण भरावं लागतं. क्रेडिट कार्डात 'मिनिमम ड्यू' नावाची एक खिडकी उघडी असते. थोडेसे भरा, बाकीचे पुढच्या महिन्यावर ढकला, आणि त्यावर व्याज द्या.

नाव नवं वाटेल, पण चीज आपल्याला जुनी आहे. किराणा दुकानातली खातेवही आठवा. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या कामगाराने महिनाभर सामान न्यायचं, दुकानदाराने वहीत लिहायचं, पगार झाला की खातं पूर्ण चुकतं करायचं. ज्याचं खातं दर महिन्याला चुकतं होतं त्याला दुकानदार कधी नाही म्हणत नसे. ज्याचं 'मागील बाकी' म्हणून पुढच्या पानावर जायचं, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बोलणी बसायची. ती वही म्हणजे आपलं गावठी चार्ज कार्डच. फक्त दुकानदार व्याज लावत नव्हता. बँक लावते.

खरं चार्ज कार्ड आज भारतात मोजक्याच ठिकाणी मिळतं. ते घेणारा वर्ग वेगळा आहे, वार्षिक फी मोठी आहे, आणि आपल्याकडच्या घाऊक बाजारात ते सगळीकडे चालेल याची खात्री नाही. भंडाऱ्याच्या नव्या धंदेवाल्याला मी ते घे म्हणणार नाही. पण त्याची शिस्त मात्र घ्याच म्हणेन. साध्या क्रेडिट कार्डाला चार्ज कार्डासारखं वापरता येतं. त्याला एक रुपया जास्त लागत नाही.

मिनिमम ड्यूचा हिशोब एकदा करूनच बघा

समजा, कार्डाचं बिल आलं ४०,००० रुपये. मिनिमम ड्यू ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये. तुम्ही २,००० भरले आणि सुटलो म्हणालात. राहिले ३८,०००.

बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ३८,००० वर झाले १,३३० रुपये. या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३९ रुपये. एकूण १,५६९. म्हणजे तुम्ही खिशातून २,००० काढले आणि देणं कमी झालं फक्त ४३१ रुपयांनी. हा मी सोपा करून मांडलेला हिशोब आहे. पूर्ण बिल भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात आणि नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात, म्हणून खरा आकडा याच्या वर जातो.

साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के, जीएसटी धरून जवळपास ४९.५ टक्के. आपल्या गावचा सावकार तीन टक्के महिना म्हणाला तर आपण त्याला शिव्या देतो. कार्डाचा दर त्याच्या वर आहे, पण कार्ड चकचकीत आहे म्हणून कोणी काही बोलत नाही. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. म्हणजे त्या बाजूने कोणी वाचवायला येणार नाही. वाचायचं तर आपलं आपणच.

आणि लक्षात घ्या, आपल्या छोट्या धंद्यात वर्षाला ४९ टक्के नफा भांडवलावर उरतो का? ज्याचा उरतो त्याला सलाम. बाकीच्यांनी मिनिमम ड्यू भरून चालवलेलं दुकान म्हणजे बँकेसाठी चालवलेलं दुकान.

गल्ल्याचे दिवस: हा माझा पहिला आणि शेवटचा निकष

कार्ड देणारा सांगतो, "५० दिवस बिनव्याजी." हे ५० दिवस रोज मिळत नाहीत. बिलाची तारीख ५ आणि भरायची तारीख २५ आहे असं धरा. ६ जूनला घेतलेला माल ५ जुलैच्या बिलात येतो, पैसे भरायचे २५ जुलैला. मिळाले ४९ दिवस. तोच माल ४ जुलैला घेतला तर पैसे त्याच २५ जुलैला. मिळाले फक्त २१ दिवस. म्हणजे सरासरी काढली तर हातात पस्तीसच दिवस येतात.

आता तुमच्या बाजूने मोजा. माल दुकानात आल्यापासून विकला जायला किती दिवस लागतात? विकल्यावर गिऱ्हाईक पैसे द्यायला किती दिवस लावतं? या दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचे गल्ल्याचे दिवस. आपल्याच जिल्ह्यातले तीन धंदे घेऊ.

पहिला, साकोलीला हायवेलगत नाश्त्याचं दुकान. तेल, बेसन, पोहे आठवड्याला येतात आणि आठवड्यात संपतात. बहुतेक गिऱ्हाईक रोखीचं, नाहीतर यूपीआयचं. दोन-चार ऑफिसांचं चहाचं खातं पंधरवड्याला चुकतं होतं. गल्ल्याचे दिवस फार तर वीस. या माणसाने कार्ड जरूर घ्यावं. बिल यायच्या आत पैसा गल्ल्यात फिरून आलेला असतो.

दुसरा, भंडाऱ्यातला पितळी भांड्यांचा धंदा. आपलं शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, हे मी सांगायला नको. पण गुंड, गंज, परात घेऊन ठेवायची माघात आणि विकायची लग्नसराईत. माल दोन महिने फळीवर बसतो. लग्नघरवाला अर्धे देतो, अर्धे लग्न आटोपल्यावर. सत्तर-ऐंशी दिवस झाले. मालासाठी कार्ड इथे बसत नाही. याच दुकानदाराने वाहतूक, पॅकिंग, वीजबिल, फोन असा महिन्याचा खर्च कार्डावर टाकला तर चालेल.

तिसरा, पवनी किंवा लाखांदूर तालुक्यातलं कृषी केंद्र. जूनमध्ये बियाणं, जुलैत रोवणीच्या वेळी खत, मग औषधं. शेतकरी म्हणतो, धान निघालं की देतो. धान निघतं दिवाळीच्या आसपास. ते खरेदी केंद्रावर जातं, आणि चुकारे खात्यात यायला आणखी वेळ लागतो. जूनचा पैसा डिसेंबरात आला तर सहा महिने झाले. पन्नास दिवसांच्या कार्डावर सहा महिन्यांची उधारी चालवायची म्हणजे छोट्या चादरीत पाय ताणून झोपायचं. चादर फाटणारच.

माझा नियम असा: गल्ल्याचे दिवस ३० च्या आत असतील तर कार्डावर माल घ्या. ३० ते ४५ असतील तर फक्त महिन्याचा वरखर्च कार्डावर, माल नाही. त्याच्या पुढे असतील तर कार्ड खिशात असलं तरी मालासाठी काढू नका.

मग लांब उधारीच्या धंद्याने काय करायचं?

त्याच्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट लिमिट आहे. सीसी म्हणतो ना आपण, तीच. जेवढे पैसे उचलले, जेवढे दिवस वापरले, तेवढंच व्याज. मुद्रा कर्जात खेळत्या भांडवलासाठी मुद्रा कार्डही मिळतं. ते दिसायला एटीएम कार्डासारखं रुपे कार्ड, पण मागे तुमचं कर्जखातं जोडलेलं. मुद्रा योजना २०१५ पासून आहे. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. तरुण गटाचं कर्ज ज्यांनी नीट फेडलं त्यांच्यासाठी २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस गट २०२४ मध्ये आला.

धानवाले, दूधवाले, मासोळीवाले भाऊ-बहीण असाल तर किसान क्रेडिट कार्ड आधी बघा. ही योजना १९९८ पासून आहे, आणि पशुपालन व मत्स्यव्यवसायालाही ती नंतर लागू झाली. नाव क्रेडिट कार्ड असलं तरी ते खरं म्हणजे हंगामी पीककर्ज आहे. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते. ४२ टक्क्यांच्या कार्डाशी त्याची तुलनाच नको.

सूक्ष्म उद्योगांसाठी आणखी एक गोष्ट २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आली. उद्यम पोर्टलवर नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांना ५ लाखांपर्यंत लिमिटचं खास क्रेडिट कार्ड, पहिल्या वर्षी अशी १० लाख कार्डं, अशी ती घोषणा होती. आपल्या बँकेत जाऊन याच नावाने विचारा. त्यासाठी उद्यम नोंदणी पाहिजे, आणि उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे. दीड-दोन हजार मागणारा कोणी भेटला तर तिथूनच परत फिरा. पण हेही ऐका: ५ लाखांची लिमिट मिळाली म्हणून गल्ल्याचे दिवस कमी होत नाहीत. वरचा नियम या कार्डालाही लागू.

"पण सर, व्यापारी कार्ड घेतो ना!"

घेतो. कोणत्या भावाने घेतो ते विचारा. नागपूरचा घाऊक व्यापारी एक लाखाच्या मालावर रोखीला २ टक्के सूट देतो असं समजा. रोख दिले तर ९८,०००. कार्ड घासलं तर पूर्ण १,००,०००. म्हणजे ४५ दिवसांच्या उधारीची किंमत झाली २,००० रुपये.

तेच ९८,००० तुम्ही ११ टक्क्यांच्या सीसीतून उचलून ४५ दिवस वापरले तर व्याज होतं साधारण १,३२९ रुपये. कार्डाने अर्धा टक्का पॉइंट दिले, म्हणजे ५०० रुपये, तरी कार्ड १,५०० ला पडलं. सीसी स्वस्त. आणि पैसा आपल्याच बचत खात्यात पडून असेल, ३ टक्के व्याज मिळत असेल, तर ते काढून रोखीने घ्या. बुडालेलं व्याज फक्त ३६२ रुपये आणि वाचले २,०००.

म्हणून 'बिनव्याजी' हा शब्द ऐकला की दोन भाव विचारा: रोखीचा काय, कार्डाचा काय? दोन्ही सारखेच असतील तर कार्ड खरंच बिनव्याजी. फरक असेल तर तो फरक म्हणजेच व्याज, त्याला दुसरं नाव दिलेलं असतं एवढंच.

आता तुलना: कार्ड समोर ठेवून विचारायचे प्रश्न

एजंट भाऊ टेबलावर फॉर्म ठेवेल. सही करायच्या आधी हे विचारा आणि उत्तरं त्याच फॉर्मच्या मागे लिहून घ्या.

१. वार्षिक फी किती, आणि कधीपासून? पहिलं वर्ष फुकट आणि दुसऱ्या वर्षापासून फी, असं असतं. "वर्षाला एवढा खर्च केला तर फी माफ" असंही असतं. फी वाचवायला खर्च वाढवायचा हा उलटा धंदा आहे. नव्या माणसाने आजीवन विनाशुल्क कार्डच घ्यावं.

२. बिलाची तारीख बदलता येते का? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ती निदान एकदा तरी बदलून मागता येते. तुमच्या मोठ्या वसुलीनंतर आठ-दहा दिवसांनी पैसे भरायची तारीख येईल अशी ती लावून घ्या. एवढ्या एका बदलाने किती दुकानं वाचतात, विचारू नका.

३. पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावता येतं का? फॉर्ममध्ये दोन चौकटी असतात: 'मिनिमम ड्यू' आणि 'टोटल ड्यू'. टोटलवर टिक करा. याच एका टिकने तुमचं क्रेडिट कार्ड चार्ज कार्ड होतं. खात्यात पैसे कमी असण्याची भीती वाटत असेल तर ती भीती चांगलीच आहे, तीच तुम्हाला महिन्याच्या मध्यात वही उघडायला लावेल.

४. एटीएममधून पैसे काढले तर? बहुतेक कार्डांवर काढल्या दिवसापासून व्याज लागतं, वर वेगळी फी. कार्डातून रोख काढून मजुरी वाटायची वेळ आली तर समजा की धंद्यात दुसरीकडे गळती आहे.

५. रुपेवर मिळेल का, आणि यूपीआयला जोडता येईल का? रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. आपल्या भागात कार्डाचं मशीन कमी आणि क्यूआर कोड जास्त, म्हणून हे कामाचं आहे. यातून फक्त दुकानदाराला पैसे देता येतात, सालभाऊजींच्या खात्यात पाठवता येत नाहीत. पण इशारा: क्यूआरवर पैसे देताना खर्च झाल्यासारखा वाटतच नाही. कार्डाचा यूपीआय वेगळ्या ॲपमध्ये ठेवा, घरखर्चाचा वेगळ्या.

६. कार्ड वैयक्तिक आहे की व्यवसायाचं? वैयक्तिक कार्डावर व्यापारी खरेदी चालत नाही अशी अट पुष्कळ बँकांच्या कागदांत असते. मोठी खरेदी त्याच कार्डावर दर महिन्याला दिसली तर बँक विचारू शकते. दुकान रुळल्यावर व्यवसायाचं कार्ड मागा. आणि जीएसटीचा परतावा कार्डावर नाही, बिलावर मिळतो. बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या.

सिबिल नाही, मग कार्ड कोण देणार?

नवा धंदेवाला इथेच अडतो. पगाराची स्लिप नाही, दोन वर्षांचं रिटर्न नाही. त्याच्यासाठी सोपी वाट म्हणजे मुदत ठेवीवरचं कार्ड. वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवा. ठेवीच्या साधारण ७५ ते ९० टक्के लिमिटचं कार्ड मिळतं, आणि ठेवीवर व्याज चालूच राहतं. बचत गटातल्या ताईंना मी हेच सांगतो. लिमिट छोटी असते, म्हणून चूकही छोटीच राहते. वर्षभर पूर्ण बिल वेळेवर भरलं की पुढच्या मुद्रा कर्जाच्या वेळी तुमचा रेकॉर्ड तुमच्या बाजूने बोलतो.

आणि तो रेकॉर्ड आता जवळून पाहिला जातो. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जाची माहिती निदान दर पंधरवड्याला पतमाहिती कंपन्यांना द्यावी लागते. चुकलेला हप्ता लपत नाही, आणि नीट भरलेलाही वाया जात नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कार्ड मागायच्या आधी एक तरी काढून बघा. आणि एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची नोंद राहते, आणि बँकेला वाटतं माणूस पैशाला फार आतुर झालाय.

कागदावर तुमचेही हक्क आहेत

रिझर्व्ह बँकेचे कार्डांबाबतचे सविस्तर निर्देश २०२२ साली आले. त्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा. न मागता कोणी तुमच्या नावाने कार्ड देऊ शकत नाही. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही. बाकी शून्य असताना कार्ड बंद करायचा अर्ज दिला तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा. आणि उशिराचा दंड लावायला देय तारखेनंतर तीन दिवस उलटावे लागतात. या तीन दिवसांवर धंदा चालवू नका, पण नेट बंद पडलं म्हणून घाबरूही नका.

तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा मदत क्रमांक १४४४८. कोणी फोनवर "कार्डाची लिमिट वाढवतो, ओटीपी सांगा" म्हणालं आणि पैसे गेले, तर क्षणही न घालवता १९३० लावा. जेवढ्या लवकर फोन, तेवढी पैसे अडवायची आशा जास्त.

एक आक्षेप, आणि त्याचं उत्तर

काही जण म्हणतील, "सर, तुम्ही फार कडक सांगता. अडीनडीला मिनिमम ड्यू भरून दोन महिने काढले तर काय बिघडलं? घरातलं सोनं गहाण ठेवण्यापेक्षा बरंच ना?"

मान्य, अडचण सगळ्यांना येते. दवाखान्याची वेळ, पोरीची फी, पुराने माल भिजणं. वैनगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना हे मी काय सांगू? पण हिशोबाने बघा. सोनेतारण कर्जाचा व्याजदर बँकेत कार्डाच्या व्याजाच्या निम्म्याहूनही कमी असतो. सोनं गहाण ठेवताना मनाला लागतं, म्हणून माणूस ते सोडवायची घाई करतो. कार्डाचं देणं मनाला लागत नाही. ते मोबाइलमध्ये एका कोपऱ्यात पडून वाढत राहतं. म्हणून अडचण आलीच तर कार्डाचं बिल स्वस्त कर्जाने एकदाच पूर्ण मिटवा, आणि ते कर्ज हप्त्याने फेडा. दोन्ही एकाच वेळी लोंबकळत ठेवू नका.

दुसरं, अडीनडीसाठी कार्ड ठेवायचं असेल तर ते धंद्याच्या कार्डापासून वेगळं ठेवा. एकाच कार्डावर खताची पोती आणि दवाखान्याचं बिल आलं की कोणता पैसा कुठला, हे तुम्हालाच कळत नाही. मग नफा झाला की तोटा, तेही कळत नाही. धंदा तिथूनच हातातून सुटायला लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

कोणताही फॉर्म भरण्याआधी एवढं करा. मागच्या तीन महिन्यांतल्या दहा खरेद्या वहीत लिहा. प्रत्येकीसमोर दोन तारखा: माल आला कधी, आणि त्या मालाचे पूर्ण पैसे गल्ल्यात आले कधी. मधले दिवस मोजा. दहांची सरासरी काढा. पण सरासरीवर भुलू नका, सगळ्यात लांबलेल्या तीन खरेद्यांवर लाल पेनाने गोल करा. त्या तीन खरेद्याच तुमचं बिल थकवणार आहेत.

धंदा अजून सुरूच केला नसेल, तर ज्या बाजारात बसणार आहात तिथल्या दोन जुन्या दुकानदारांकडे जा आणि हाच प्रश्न विचारा: "काका, तुमचा पैसा किती दिवसांनी फिरून येतो?" लिमिट किती आहे ते विचारलं तर ते हसतील. हा प्रश्न विचारलात तर खुर्ची देतील, चहाही सांगतील.

आकडा ३० च्या आत आला तर आजीवन विनाशुल्क, रुपेवालं, छोट्या लिमिटचं कार्ड घ्या. टोटल ड्यूवर टिक करा आणि बिनधास्त वापरा. आकडा त्याच्या वर गेला तर तीच वही घेऊन बँकेच्या मॅनेजरकडे जा आणि सीसी मागा. अशी तारखांची वही घेऊन आलेला माणूस त्यांनाही रोज भेटत नाही.